शाळेबाहेरचा चित्रकलेचा तास

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा सगळ्यांनी ऐकलेला असतो. त्याला जोडलेली अनुसूची फार थोड्यांनी वाचलेली असते. सहावी ते आठवीच्या वर्गांना कोणते शिक्षक हवेत, याचे मानक तिच्यात दिले आहे. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना प्रत्येकी किमान एक शिक्षक. मुले शंभरांहून अधिक असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक. आणि त्याच शंभरांच्या अटीवर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्यासाठी अंशकालीन निदेशक. म्हणजे शंभर मुलांच्या शाळेला चित्रकलेचा माणूस लागतच नाही. एकशे एकाव्या मुलाबरोबर तो येतो, आणि तोही अर्ध्या वेळेपुरता.

हा मजकूर लिहिणाऱ्यांना कलेचे वावडे होते असे मी म्हणणार नाही. याच शासनाने मुलांच्या सर्जनशीलतेसाठी देशपातळीवर संस्था उभ्या केल्या, त्यांना जागा दिल्या, दरसाल अनुदान दिले. दिल्लीचे राष्ट्रीय बालभवन, बालचित्र समिती, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला, राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची मुलांसाठी काम करणारी मंडळी, नवोदय विद्यालये ही यादी लहान नाही. स्वातंत्र्यानंतर इतक्या थोड्या काळात मुलांच्या कल्पनाशक्तीचा इतका विचार करणारी सरकारे जगात फार नसतील. मग इतका विचार करणाऱ्या शासनाला शाळेत एक पूर्णवेळ कलाशिक्षक का ठेवता आला नाही? माझ्या मते या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, त्या एकाच विचाराच्या दोन बाजू आहेत. मुलाने निर्मिती करायची ती शाळेच्या बाहेर, वेगळ्या इमारतीत, वेगळ्या वेळी, असे आपण १९५० च्या दशकातच ठरवून टाकले. पुढचे बरेचसे त्यातून ओघाने आले.

बालभवनापासून सुरुवात करू. पंडित नेहरूंच्या पुढाकाराने १९५६ मध्ये ते दिल्लीत सुरू झाले. शिक्षण मंत्रालयाच्या पैशावर चालणारी ही स्वायत्त संस्था पाच ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी आहे. कोटला रोडवरच्या तिच्या आवारात छोटी आगगाडी आहे, प्राण्यांचा कोपरा आहे, मुलांचे संग्रहालय आहे. चित्रे, माती, विणकाम, संगीत, नाटक, विज्ञानाचे प्रयोग आहेत. परीक्षा नाही आणि सक्ती नाही. मूल आज मातीत हात घालील, उद्या तबल्यापुढे बसेल, परवा काहीच न करता गाडीत बसून घरी जाईल. या मोकळेपणाची थट्टा करणाऱ्यांच्या पंक्तीत मला बसायचे नाही. ज्या देशात मुलाला ‘काय करतोस?’ असे विचारले की ‘अभ्यास’ हे एकच उत्तर बरोबर मानले जाते, तिथे काही न करण्याची मुभा देणारी सरकारी जागा असणे हीच मोठी गोष्ट होती.

पण या जागेची घडण पाहिली पाहिजे. सोव्हिएत संघात १९३५ मध्ये खार्किव्ह येथे मुलांचा पहिला पायोनियर प्रासाद उघडला. दोन वर्षांनी लेनिनग्राडच्या आनिच्कोव्ह राजवाड्यात दुसरा प्रसिद्ध प्रासाद आला. शाळा सुटल्यावर मुलांनी तिथे यायचे, आपापल्या आवडीच्या मंडळात बसायचे, अशी ती रचना. नेहरू १९५५ च्या जूनमध्ये सोव्हिएत दौऱ्यावर होते आणि पुढच्याच वर्षी बालभवन निघाले. दोन्हींतले साम्य कोणालाही दिसेल. मात्र एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. तिथे ज्या शाळेतून सुटून मूल प्रासादात जाई, ती शाळा शासनाने गावोगावी पोहोचवत आणली होती. आपल्याकडे शाळाच पोहोचायची होती, आणि जी होती ती इंग्रजी अमदानीतली पाठांतराची शाळा होती. ती तशीच ठेवून तिच्या शेजारी आपण विसाव्याचे घर बांधले.

दुसरा मार्ग तेव्हा नव्हता असे नाही. तो होता, आणि मराठी मुलखात होता. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली. हाताने केलेल्या कामाभोवती सारे शिक्षण गुंफायचे, हा तिचा गाभा. सूत काढताना गणित, कापूस पिकवताना भूगोल, हे तिच्याविषयी नेहमी सांगितले जाते आणि नेहमीच थोडे हसून सांगितले जाते. शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार देवी प्रसाद १९४४ पासून सेवाग्रामच्या शाळेत कला शिकवत होते, हे मात्र क्वचित सांगितले जाते. ते १९६२ पर्यंत तिथे होते. म्हणजे दिल्लीत बालभवन उघडले तेव्हा सेवाग्रामात मुले शाळेतच रंगवत होती, शाळेतच माती मळत होती, आणि त्यांना कुणी ‘छंदवर्गा’ला पाठवत नव्हते. देवी प्रसादांनी या अनुभवावर लिहिले. शिक्षणाचा पाया कला हाच असावा, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यांचे इंग्रजी पुस्तक पुढे नॅशनल बुक ट्रस्टनेच काढले. ज्या शासनाने तो विचार शाळेत आणला नाही, त्याच शासनाच्या प्रकाशनसंस्थेने तो छापला. आपल्याकडे हे असे होते.

ताराबाई मोडकांचे उदाहरण याहून बोलके आहे. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई १९४५ साली बोर्डीला आल्या आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पाड्यावरचे मूल बालवाडीच्या इमारतीपर्यंत येत नाही, असे दिसल्यावर त्यांनी इमारतीचा हट्ट सोडला. बालवाडी त्या मुलाच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शिंपले, बिया, पाने, माती हीच साधने. महागडे माँटेसरी साहित्य बाजूला राहिले. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. त्या नावाबरोबर पोषण गेले, लसीकरण गेले, नोंदवह्या गेल्या. बिया-शिंपल्यांचा खेळ कितपत गेला, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या अंगणवाडीत जाऊन पाहावे. सेविकेला मी दोष देणार नाही. तिच्या माथी मारलेल्या नोंदींची संख्या पाहिली की ती मुलांशी दोन शब्द बोलते याचेच नवल वाटते.

तेव्हा बालभवन आणि कुरणशाळा ही दोन टोके धरता येतात. एकीकडे मुलाने जागेकडे यायचे, दुसरीकडे जागेने मुलाकडे जायचे. राष्ट्रीय संस्था म्हणून आपण पहिली निवडली. तिचे छायाचित्र चांगले येते, तिचे उद्घाटन करता येते आणि परदेशी पाहुण्यांना ती दाखवता येते.

याच काळातल्या बालचित्र समितीकडे मात्र मी अधिक ममतेने पाहतो. १९५५ मध्ये हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली ती सुरू झाली. केदार शर्मांचा ‘जलदीप’ हा तिचा पहिला चित्रपट, आणि १९५७ मध्ये व्हेनिसला त्याने मुलांच्या चित्रपटाचे पहिले पारितोषिक मिळवले. पुढच्या काळात समितीने बरेच सपक काम केले. स्वच्छ मुले, चुकलेले एक मूल, शेवटी सुधारणा, असे साचे त्यात वारंवार दिसतात. पण त्याच सरकारी पैशातून १९७५ मध्ये श्याम बेनेगल यांचा ‘चरणदास चोर’ निघाला, आणि या चित्रपटापाशी थोडे थांबले पाहिजे.

गोष्ट विजयदान देथांनी लिहिलेल्या लोककथेवरची. हबीब तन्वीर यांनी तिचे छत्तीसगढी कलावंतांकडून नाटक केले आणि त्याच मंडळींना घेऊन बेनेगलांनी कृष्णधवल चित्रपट केला. राजकन्येच्या भूमिकेत स्मिता पाटील होती. मराठी प्रेक्षकाला आज तो बहुधा एवढ्यासाठीच आठवतो. कथेतला चोर गुरूपुढे गमतीने अशक्य प्रतिज्ञा करतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राज्य घेणार नाही. चोराच्या वाट्याला हे कुठून यायचे! गुरू वर आणखी एक वचन घेतो, खोटे बोलणार नाही. मग एकेक अशक्य गोष्ट खरोखरच त्याच्यापुढे येऊन उभी राहते. तो प्रतिज्ञा मोडत नाही आणि त्यापायी जिवाला मुकतो.

हा मुलांचा चित्रपट आहे आणि सरकारने काढलेला आहे. यात खरे बोलणारा माणूस चोर आहे, सत्ता खोटी आहे, आणि खरेपणाचे बक्षीस मरण आहे. शालेय पाठ्यपुस्तकाच्या कोणत्या समितीने हा धडा मंजूर केला असता? मूल्यशिक्षणाच्या तासाला सत्याचा विजय होतो. इथे सत्याचा विजय होतो की नाही, हे मुलानेच ठरवायचे आहे, आणि मुले ते ठरवू शकतात असा विश्वास त्या चित्रपटात आहे. माझ्या अनुभवात मोठी माणसे हा चित्रपट पाहून ‘मुलांना कळेल का?’ असे विचारतात. मुले असे विचारत नाहीत. चोर चोरीच्या जागी पकडला न जाता वचनाच्या जागी पकडला जातो, यातली गंमत दहा वर्षांच्या मुलाला नीट कळते. वचन देऊन अडकण्याचा अनुभव त्याला रोजचाच असतो.

हे शक्य झाले ते संस्थेच्या धोरणापेक्षा संस्थेतल्या ढिलाईमुळे, असे मला वाटते. समितीला बाजाराची भीती नव्हती. तिकिटे विकायची नव्हती, त्यामुळे दिग्दर्शकाला हवे ते करून पाहण्याची सोय होती. सई परांजपे यांनी ‘जादू का शंख’ आणि ‘सिकंदर’ याच समितीसाठी केले आणि पुढे दोनदा तिचे अध्यक्षपदही सांभाळले. संतोष सिवन यांचा ‘हॅलो’ही इथलाच. पण जी ढिलाई निर्मितीला उपकारक ठरली तीच वितरणात मारक झाली. चित्रपट तयार होत आणि डब्यांत पडून राहत. शाळेच्या वेळापत्रकात चित्रपट पाहण्याचा तास नव्हता, म्हणून तो १४ नोव्हेंबरच्या आसपास एखाद्या सकाळी, रांग लावून, शिक्षकांच्या ‘बोलू नका’च्या गजरात पाहायचा. शेवटी केंद्र सरकारने २०२० मध्ये ठरवले आणि २०२२ मध्ये समिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. फिल्म्स डिव्हिजनच्या बंद होण्यावर निदान निषेधाची पत्रे निघाली. बालचित्र समितीच्या जाण्याची मराठी नियतकालिकांनी किती दखल घेतली, ते आपण सारे वाचकच आहोत, आठवून पाहू शकतो.

नेहरू बाल पुस्तकालयाविषयी थोडक्यात. साऱ्या भारतीय भाषांतल्या मुलांना एकच पुस्तक, तीच चित्रे, स्वस्त किमतीत, ही कल्पना थोर होती आणि पुलक विश्वास, मिकी पटेल यांच्यासारखे चित्रकार तिने मुलांना दिले. अडचण मजकुराची. चित्रांची जागा आधी ठरलेली, मजकूर तेवढ्यातच बसवायचा. त्यामुळे मराठी वाक्य कधी आखडते, कधी फुगते, आणि मुलाला मोठ्याने वाचताना ते जिभेवर अडते. याच्या उलट आपल्याकडचे ‘किशोर’ पाहा. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे बालभारतीने, नोव्हेंबर १९७१ मध्ये हे मासिक सुरू केले. तेही सरकारी, तेही मुलांसाठी. पण त्याचा मजकूर मुळातच मराठीत लिहिला गेला, आणि पाठ्यपुस्तके काढणाऱ्या घरातूनच ते निघाले. ‘किशोर’ राष्ट्रीय नाही, म्हणून अशा चर्चांत त्याचे नाव येत नाही. माझ्या लेखी मुलांसाठी शासनाने केलेल्या कामात त्याची जागा बरीच वरची आहे, कारण खेड्यातल्या मुलाला त्यासाठी कुठे जावे लागत नाही.

आता पुन्हा बालभवनाकडे. जिथे परीक्षा नव्हती तिथे १९९५ मध्ये ‘बालश्री’ सन्मान सुरू झाला. चित्र-शिल्प, सादरीकरण, लेखन आणि वैज्ञानिक नवनिर्मिती अशी चार क्षेत्रे. स्थानिक, विभागीय आणि राष्ट्रीय अशा पायऱ्या. या योजनेच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे: मुलाने आधी मिळवलेल्या ढाल-प्रमाणपत्रांवर ती चालत नाही, समोर बसवून नवे काही करायला सांगते. स्पर्धा म्हणून ती इतर शेकडो स्पर्धांहून शहाणी आहे. पण एकदा पायऱ्या आल्या की पायऱ्यांची तयारी करून घेणारी माणसेही येतात. मी काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या ठिकाणी मुलांच्या लेखनस्पर्धेचा परीक्षक होतो. ऐनवेळी विषय दिला होता. तरीही सत्तर-पंचाहत्तर वह्यांपैकी निम्म्यांत पहाट होत होती, पाखरे किलबिलत होती आणि शेवटच्या परिच्छेदात पर्यावरण वाचवायचे होते. विषय होता ‘आमच्या घरातला आवाज’. मुलांना सुचत नव्हते असे मुळीच नाही. कागदाच्या कडेला, खोडून टाकलेल्या ओळींत, कुणाच्या घरातला बिघडलेला पंखा होता, कुणाच्या आजोबांचा खोकला होता. ते खोडून वर पाखरे घालायला त्यांना कुणीतरी शिकवले होते, आणि ते शिकवणे म्हणजेच ‘सर्जनशीलता उपक्रम’, असे त्या शिकवणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटत होते.

महाराष्ट्रात याची आणखी जुनी तऱ्हा आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्थिरचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र शिकवले. अनेक चित्रकारांची पहिली पायरी तीच. दहावीच्या निकालात या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागले तसे परीक्षेला बसण्याचे कारण बदलले. आईबाप आता चित्रकलेच्या वर्गाला मूल घालतात आणि ‘किती गुण वाढतील?’ असे विचारतात. त्यांना हसण्यात अर्थ नाही. शाळेने ज्या गोष्टीला किंमत दिली नाही, तिची किंमत त्यांनी आपल्यापुरती काढून घेतली. ‘कार्यानुभव’ या शब्दाचेही असेच झाले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) नई तालीमेतला हाताच्या कामाचा विचार या नावाखाली पुढे आणला. आमच्या पिढीला मात्र कार्यानुभव म्हटले की क्रेपच्या कागदाची फुले आणि आदल्या रात्री आईने पुरा केलेला लोकरीचा नमुना आठवतो. गंमत अशी की याच आयोगाने देशभर बालभवने काढण्याचीही शिफारस केली होती, आणि ती स्थानिक लोकांच्या भरीव आधारावर चालावीत असे म्हटले होते. स्थानिक आधाराचा भाग मागे पडला.

नवोदय विद्यालयांचा प्रश्न वेगळा. १९८५-८६ मध्ये पहिली दोन उघडली, त्यांतले एक झज्जरला आणि एक आपल्या अमरावतीला. ग्रामीण मुलांना निवडून, निवासी ठेवून, उत्तम शिक्षण फुकट द्यायचे. कमीत कमी पंच्याहत्तर टक्के जागा ग्रामीण भागासाठी. नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यात पाठवण्याची त्यांची पद्धत मला कोणत्याही कलामहोत्सवाहून मोठे शिक्षण वाटते. मराठी मुलगा वर्षभर हिंदी मुलखात राहतो, तिथली मुलगी इथे येऊन मराठी ऐकते. पण एका विद्यालयात सहावीला घेतात साधारण ऐंशी मुले. जिल्ह्यातली बाकीची हजारो त्याच परीक्षेतून परत जातात, ती एकशे एकाव्या मुलाची वाट पाहणाऱ्या शाळेत.

एक राष्ट्रीय संस्था मात्र सुरुवातीपासून दुसऱ्या वाटेने गेली. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि कपिला वात्स्यायन यांच्या विचारातून उभे राहिलेले सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र १९७९ पासून मुलांच्या आधी शिक्षकांना बोलावते. भूगोलाचा, गणिताचा, भाषेचा चालू नोकरीतला शिक्षक तिथे येऊन माती, कठपुतळी, लोकसंगीत शिकतो आणि आपल्या वर्गात परततो. त्याच्या छायाचित्रात आगगाडी नसते. असा एखादा शिक्षक परतल्यावर त्याला मुख्याध्यापकाने आधी विचारलेला प्रश्न ‘अभ्यासक्रम किती मागे पडला?’ हा असतो, हे त्या शिक्षकांकडूनच मी ऐकले आहे. तरीही मला हीच वाट बरोबर वाटते. शाळेची भिंत आतून पाडण्याचा हाच एक सरकारी प्रयत्न दीर्घकाळ टिकला.

दरम्यान अहवाल येत राहिले. आर. के. नारायण यांनी राज्यसभेत मुलांच्या दप्तराविषयी केलेल्या भाषणाचा पुष्कळ गाजावाजा झाला. १९९३ मध्ये यशपाल समितीने ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. २००५ च्या राष्ट्रीय आराखड्याने दहावीपर्यंत कला हा सक्तीचा विषय असावा म्हटले. चार वर्षांनी कायदा झाला, आणि त्याच्या अनुसूचीत कलाशिक्षक अंशकालीन राहिला. शिफारशीत सक्ती आणि कायद्यात अर्धवेळ, ही तफावत ज्यांनी दोन्ही दस्तऐवज एकाच टेबलावर ठेवून वाचले असतील त्यांनाच दिसली असेल.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात बालभवन पुन्हा आले आहे. प्रत्येक राज्याने ती बळकट करावीत किंवा नवी काढावीत, सर्व वयांच्या मुलांनी आठवड्यातून एकदा किंवा अधिक वेळा तिथे जावे, आणि शक्य तिथे ती शाळासंकुलाचाच भाग असावीत, असे त्यात म्हटले आहे. सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना असावेत, हेही त्याच धोरणात आहे. ‘शाळासंकुलाचाच भाग’ हे शब्द मी दोनदा वाचले. चौसष्ट वर्षांनी पहिल्यांदाच ती इमारत शाळेच्या आवारात सरकताना दिसते. त्या इमारतीत मातीकाम कोण घेणार, त्याला महिन्याचे किती तास आणि तासाचे किती पैसे, आणि तो पावसाळ्यानंतर पुन्हा येणार की नाही, हे कळायला २००९ ची अनुसूचीच उघडावी लागते. ती अजून बदललेली नाही.